‘सगळ्यांचं संपलं, माझंच का संपत नाही?’

आदरणीय मॅडम,

मी २३ वर्षांचा आहे. गाव कराडजवळ. वडील एसटीत चालक, आई घरी, बहीण यंदा बारावीला. माझी बारावीची परीक्षा मार्च २०२० मध्ये झाली आणि लगेच लॉकडाऊन लागला. सीईटी ऑक्टोबरात झाली. इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष अख्खं मोबाइलवर गेलं, दुसऱ्याचंही बरंचसं. गेल्या वर्षापासून पुण्यात आयटीत नोकरी करतो. काम जमतं. पण मीटिंगमध्ये बोलायची पाळी आली की छाती धडधडते, हात गार पडतात, तोंडातून शब्द फुटत नाही. डबा एकटाच खातो. रात्री दोन-तीनपर्यंत मोबाइल बघतो आणि रविवारी अंथरुणातून उठतच नाही.

एप्रिल २०२१ मध्ये मी मित्राकडे असाइनमेंट लिहायला गेलो होतो. चार दिवसांनी मला ताप आला, मग घरात सगळ्यांना. आजीला कोविड सेंटरला नेलं, ती परत आलीच नाही. मला कुणी काही बोललं नाही, पण कोणामुळे झालं ते मला माहीत आहे.

बाबांना एकदा सांगायला गेलो. ते म्हणाले, ‘कोरोना जाऊन किती वर्षं झाली? आमच्यावरही आलंच होतं की. तुमच्या पिढीला सारखी निमित्तं लागतात.’ मी खरंच निमित्त करतोय का? कधी कधी वाटतं, रात्री झोपावं आणि सकाळी जागच येऊ नये. म्हणजे मी काही करणार नाही, घाबरायचं कारण नाही. पण नोकरी सोडून गावी जावं का?

— एक वाचक, पुणे

*

प्रिय मित्रा,

‘सकाळी जागच येऊ नये’ असं लिहून तू घाईघाईनं ‘मी काही करणार नाही’ अशी पुस्ती जोडलीस. मी तिथूनच सुरुवात करणार आहे. असा विचार मनात येणं म्हणजे जीव द्यायला निघणं नव्हे. फार थकलेल्या माणसाला तो येतो, आणि बहुतेकदा त्याला मरायचं नसतं, चाललंय ते थांबावं एवढंच हवं असतं. पण हा विचार वरचेवर येत असेल, किंवा ‘कसं’ आणि ‘कधी’पर्यंत जाऊ लागला असेल, तर पुढचं वाचायचं थांबव आणि १४४१६ हा नंबर लाव. ही सरकारची टेलिमानस सेवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास असते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. कुणीतरी प्रशिक्षित माणूस फोनवर असतं आणि गरज पडली तर पुढे मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतं.

दुसरं असं की, खोलीवर तुझ्यासोबत जे कोणी राहतं त्याला आज एवढंच सांग: ‘मला हल्ली बरं नाहीये, डोक्यात वाईट विचार येतात, जरा विचारत जा मला.’ सगळी कहाणी सांगायची गरज नाही. तो चेष्टेवारी नेईल असं वाटत असेल तर दुसरा कोणी बघ, मामा, चुलतभाऊ, कॉलेजातला मित्र. पण एका तरी जित्याजागत्या माणसाला हे ठाऊक हवं. असल्या विचारांबद्दल बोललं की ते बळावतात, अशी घरोघरी समजूत आहे. तसं होत नाही. न बोलता साठले की मात्र बळावतात.

आता तुझा मुख्य प्रश्न. निमित्त करतोयस का? नाही. पण मी नुसतं ‘नाही’ म्हटलं तर तुझ्यातला इंजिनीअर ऐकायचा नाही, म्हणून थोडे आकडे देते. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं. त्याच्या आधी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०४ देशांचा अंदाज छापून आला. २०२० या एका वर्षात नैराश्याचे ५ कोटी ३२ लाख आणि चिंताविकारांचे ७ कोटी ६२ लाख रुग्ण जादाचे झाले, असा तो हिशेब. स्त्रियांना फटका जास्त बसला, आणि वयाप्रमाणे पाहिलं तर सगळ्यात मोठी वाढ होती २० ते २४ या गटात. जिवाला धोका म्हाताऱ्यांच्या आणि मनाला मार पोरांच्या वाट्याला, अशी ही उलटी विभागणी.

ती उलटी का, हे समजायला फार खोल जावं लागत नाही. अठरा ते वीस या वयात माणूस पुस्तकातलं शिकतो त्याहून जास्त पुस्तकाबाहेरचं शिकतो. होस्टेलवर तीन अनोळखी मुलांशी एका नळावरून भांडणं आणि रात्री त्यांच्याच ताटातलं खाणं. व्हायव्हात उत्तर येत नसताना मान वर ठेवून उभं राहणं. जर्नलवर सही मिळावी म्हणून सरांच्या मागे मागे फिरणं. गॅदरिंगला स्टेजवर फजिती होणं आणि दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये त्याच फजितीवर सगळ्यांबरोबर आपणही हसणं. लोक आपल्याकडे बघतात, आपण चुकतो, आणि तरी दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत चालू राहतं, हे अंगात मुरायला असे शेकडो लहान प्रसंग लागतात. तुझे ते प्रसंग कॅमेरा बंद करून, म्यूटवर बसून गेले. नंतर सिलॅबस भरून काढला, एमसीक्यूंवर पास केलं, गणित किती बुडालं यावर चर्चा झाल्या. हे बुडालेलं कुणी मोजलं नाही. एकविसाव्या वर्षी कॉलेज उघडलं तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की तुम्हाला ते येतंच.

एवढं म्हणून एक आडवा मुद्दाही घालते, कारण तुझ्या बाबांच्या बोलण्यात अगदीच तथ्य नाही असं नव्हे. सगळंच कोविडच्या माथी मारू नकोस. निम्म्याहून जास्त मानसिक आजार पंचविशीच्या आतच सुरू होतात, साथ असो वा नसो. लोकांपुढे बोलायची अशी भीती तर बहुतेकदा शाळेच्या वयातच डोकं वर काढते. सातवी-आठवीत सरांनी फळ्याजवळ उभं केलं की तुझं काय व्हायचं, आठवून बघ. तेव्हाही पोटात गोळा येत असेल तर बी आधीचं आहे, लॉकडाऊननं त्याला खतपाणी घातलं. उपचाराच्या दृष्टीनं यानं मोठा फरक पडत नाही. पण ‘ती दोन वर्षं परत मिळणार नाहीत म्हणजे मी आता कायमचा असाच’ अशी जी खूणगाठ तू मनाशी बांधलेली दिसते, ती सुटायला मदत होईल.

मीटिंगमधली धडधड कशी टिकून राहते ते बघ. बोलायची वेळ येते, छाती धडधडते, तू ‘नेटवर्क इश्यू’ म्हणतोस किंवा चॅटमध्ये लिहून मोकळा होतोस. लगेच हायसं वाटतं. हे हायसं वाटणं हीच गोम आहे. मेंदू नोंद करतो: पळालो म्हणून वाचलो. पुढच्या मीटिंगला भीती जरा लवकर आणि जरा जास्त येते. २०२० मध्ये घरात राहणं, कुणाच्या जवळ न जाणं, हे शहाणपण होतं, सगळ्या देशाला तेच सांगितलं होतं. तीच सवय आता तुझी भीती पोसते आहे. घाबरू नकोस, ही सवय मोडता येते, आणि ती धीर देऊन किंवा भाषणं ऐकून मोडत नाही, करून मोडते. (‘पॉझिटिव्ह थिंक कर’ असं सांगणाऱ्या रील्स तू रात्री दोन वाजता बघत असशील तर त्यांचा उपयोग झोप घालवण्यापुरताच आहे.)

तुझ्या बाबांना विचार, पहिल्यांदा भरल्या गाडीनं खंबाटकी घाट उतरवला तेव्हा काय झालं होतं. कुणीही शिकाऊ चालकाला पहिल्या दिवशी घाटात नेत नाही. आधी मोकळं मैदान, मग गावातला रस्ता, मग हायवे, मग घाट. आणि घाटात भीती वाटली म्हणून मधेच गाडी सोडून उतरत नाहीत, गिअर खाली घेतात आणि सावकाश उतरतात. तुझंही तसंच करायचं. कागदावर उतरंड लिही. सगळ्यात सोपं खाली, सगळ्यात अवघड वर. सोप्यात काय येईल? दुकानात वस्तू परत करायला जाणं. मेसमध्ये भाजी परत मागणं. ऑफिसात ज्याच्याशी कामापुरतं बोलतोस त्याच्याबरोबर चहाला जाणं. मग कॅमेरा चालू ठेवून मीटिंगला नुसतं बसणं. मग एक आधी ठरवलेलं वाक्य बोलणं, ‘माझं काम झालं, टेस्टिंग बाकी आहे’ एवढंच. मग एक प्रश्न विचारणं. प्रेझेंटेशन सगळ्यात वर.

प्रत्येक पायरी एकदा करून भागत नाही. भीती निम्म्यावर येईपर्यंत तीच पुन्हा पुन्हा करायची. आणि धडधड सुरू झाली की तिथंच थांबायचं, पळायचं नाही. ती लाट चढते तशी थोड्या वेळात आपोआप उतरतेही. पळाल्यामुळे ती उतरताना तू कधी पाहिलेलीच नाहीस. आवाज थरथरला तर थरथरू दे. आपला आवाज आपल्याला जितका थरथरताना ऐकू येतो तितका समोरच्याला येत नाही, आणि खरं सांगायचं तर मीटिंगमधल्या निम्म्या लोकांचं लक्ष दुसऱ्या खिडकीतल्या मेलवर असतं.

आता आजी. पत्रात तिला तू चार ओळी दिल्यास, पण माझ्या मते पत्र तिच्याचबद्दल आहे.

‘कोणामुळे झालं ते मला माहीत आहे’ असं तू लिहितोस. तुला ते माहीत नाही. हे मी तुझी समजूत काढायला म्हणत नाही. विषाणू शरीरात गेल्यापासून लक्षणं दिसायला २ ते १४ दिवस लागू शकत होते. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकत होता, आणि कित्येकांना तर लक्षणं दिसलीच नाहीत. म्हणजे घरात ताप पहिल्यांदा कुणाला आला यावरून तो आणला कुणी हे ठरत नाही. त्या एप्रिलात बाबा कामावर जात होते का? आई किराण्याला, दवाखान्याला गेली असेल. बहीण शेजारच्या घरात खेळली असेल. आजीच्या खोलीत गल्लीतली एखादी म्हातारी येऊन बसली असेल. ती डेल्टाची लाट होती, घरात एकाला झाला की सगळ्यांना व्हायचा. कुणाकडून कुणाला, हे शोधायचा मार्ग तुमच्या घरापुरता तेव्हाही नव्हता आणि आज तर नाहीच.

आणि समज, आला असेल तुझ्याकडूनच. हेही टाळून चालणार नाही, कारण रात्री अडीच वाजता तुझं मन नेमकं हेच म्हणणार. तरी त्यात गुन्हा कुठला? अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा मित्राकडे असाइनमेंट लिहायला गेला. चार-दोन महिन्यांपूर्वी गावोगाव लग्नं धूमधडाक्यात लागत होती, सगळ्यांना वाटलं होतं की संपलं. साठीच्या वरच्यांना लस १ मार्च २०२१ पासून मिळायला लागली, तुझ्या वयाच्या मुलांना १ मेपासून, आणि आपल्या राज्यात लसच पुरेना म्हणून १८ ते ४४ वयाचं लसीकरण दोन आठवड्यांच्या आत थांबवावं लागलं. एप्रिलमध्ये तू ठरवलं असतंस तरी तुला ती मिळाली नसती. ऑक्सिजनचा बेड केव्हा मिळाला, इंजेक्शनसाठी कोण किती दुकानं फिरलं, तिची शुगर किती होती, तिथं किती आजारी माणसांमागे किती नर्सेस होत्या, यातलं काहीही तुझ्या हातात नव्हतं. आज तुला जे माहीत आहे ते त्या मुलाला माहीत असायला हवं होतं, असं धरून तू त्याच्यावर खटला चालवतो आहेस.

हा दोष तू इतका घट्ट धरून का ठेवलास, याबद्दल माझा एक अंदाज आहे. तो चुकीचा वाटला तर सोडून दे. ‘माझ्यामुळे गेली’ म्हटलं की निदान तिच्या जाण्याला कारण तरी मिळतं. ‘कुणामुळेच नाही, अशीच गेली’ हे सोसायला त्याहून कठीण आहे.

शिवाय तुमच्या घरात तिचा दुखवटा झालाच नाही. आपल्याकडे माणूस गेलं की दहा-तेरा दिवस लोक येत राहतात. नको इतके येतात. प्रत्येक जण विचारतो, ‘अहो, काय झालं एकाएकी?’ आणि घरातली बाई तेच तेच पंचवीस वेळा सांगते. तेव्हा वैताग येतो, पण सांगता सांगता घडलेलं हळूहळू पचत जातं. भांडलेले भाऊबंद उंबऱ्यात येऊन बसतात, कोणीतरी भाकरी-पिठलं आणून देतं, गेलेल्या माणसाच्या खोड्या निघतात, मध्येच हसूही येतं. २०२१ च्या त्या महिन्यांत यातलं काय झालं? पिशवीत बांधलेला देह, लांबून नमस्कार, मोजकी माणसं, बाकी सगळं फोनवर. आणि घरातले उरलेले स्वतःच तापानं फणफणलेले. तुम्ही चौघांनी आपापल्या कोपऱ्यात तिला निरोप दिला आणि त्यावर पुन्हा कधी बोललात असं तुझ्या पत्रावरून दिसत नाही.

म्हणून पुढच्या वेळी घरी जाशील तेव्हा आईला विचार, ‘आजीला नेलं त्या दिवशी नेमकं काय काय झालं?’ मी पैज लावून सांगते, तिच्याकडेही एक अपराध असेल. ‘एक दिवस आधी न्यायला हवं होतं’, नाहीतर ‘न्यायलाच नको होतं’. बाबांकडेही असेल. मग तुझं वाक्य तू मोठ्यानं बोल: ‘मला वाटतं माझ्यामुळे झालं.’ गेली इतकी वर्षं ते फक्त तुझ्या डोक्यात घुमतंय. त्यावर आई रडेल. बाबा उठून बाहेर जातील, कदाचित. ते उठून गेले याचा अर्थ त्यांनी तुला दोषी ठरवलं असा काढू नकोस. पुरुषमाणसांना रडायला जागा लागते आणि ती आपल्या घरांतून सहसा नसते.

आणि तिच्या तिथीला या वर्षी माणसं बोलवा. तिच्या बरोबरीच्या बायका, ज्यांना तेव्हा येता आलं नाही त्या. तिला आवडायचं ते करा. श्राद्धाबिद्धावर तुझा विश्वास आहे की नाही हा इथे प्रश्न नाही, माझाही फारसा नाही. माणसं जमणं महत्त्वाचं. तरीही काही महिन्यांनी ती जखम तशीच ओली वाटली, तर समुपदेशकाला फक्त मीटिंगांबद्दल सांगून गप्प बसू नकोस, आजीबद्दलही सांग. असा वर्षानुवर्षं लांबलेला शोक आता वैद्यकशास्त्रातही स्वतंत्र निदान म्हणून धरला जातो आणि त्यासाठी वेगळी उपचारपद्धती आहे.

समुपदेशक म्हटलं, कारण तुझ्या बाबतीत मी पत्रातल्या सल्ल्यावर भागवणार नाही. रविवारी न उठणं, झोपेचं खोबरं होणं, एकटं जेवणं आणि तो जागच न येण्याचा विचार, हे सगळं एकत्र आलं की तपासून घ्यायला हवं. आधी साध्या फिजिशियनकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि डी जीवनसत्त्व बघून घे. मेसचं खाणारी आणि दिवसभर काचेआड बसणारी मुलं यात हमखास कुठेतरी कमी निघतात, आणि त्या कमतरतेचा थकवा उदासीसारखाच दिसतो. मग मानसोपचारतज्ज्ञाकडे. पुण्यात ससूनला मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि नंबर लावायचा. गर्दी असते, अर्धा दिवस जातो, पण खिशाला परवडतं. खासगीत वेळ नीट मिळतो, पैसे जातात. गावाकडेच बरं वाटत असेल तर जिल्हा रुग्णालयातही विचारता येईल. लक्षात ठेव, औषधं मानसोपचारतज्ज्ञ देतात, ते एमबीबीएसनंतर त्याच विषयात पुढे शिकलेले डॉक्टर. बोलून उपचार करतात ते मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक, त्यांचं शिक्षण आणि नोंदणी विचारायला अजिबात लाजू नकोस. नुसता कोर्स करून पाटी लावलेले हल्ली गल्लोगल्ली आहेत.

पहिल्या भेटीत काय होतं याची भीती असते, म्हणून सांगते. कोचावर झोपवत नाहीत. झोप, भूक, काम, घर, व्यसन, आधी कुणाला घरात असं काही होतं का, जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हे विचारतात. शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर दे. गोळ्या दिल्याच तर दोन-चार आठवडे गेल्याशिवाय फरक कळत नाही. पहिल्या काही दिवसांत मळमळ, अस्वस्थपणा होऊ शकतो. पंचविशीच्या आतल्यांना सुरुवातीला अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढल्यासारखे वाटले तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना लगेच कळवायचं असतं. नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते हा समज चुकीचा, पण बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं त्या एकदम बंदही करायच्या नसतात. सवय लागते ती झोपेच्या आणि चिंता तात्पुरती दाबणाऱ्या काही गोळ्यांची, त्या डॉक्टर सांगतील तितकेच दिवस. रूममेटच्या डब्यातली तर मुळीच नको.

झोपेबद्दल एकच करून बघ, बाकी काही नको. झोपायची वेळ ठरवू नकोस, उठायची ठरव. रात्री कितीही वाजता झोपलास तरी सकाळी साडेसातला अंथरुणाबाहेर, रविवारीसुद्धा. मोबाइल चार्जिंगला खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पहिला आठवडा वाईट जाईल.

बाबांचं काय करायचं? त्यांचं वाक्य पुन्हा वाच. ‘आमच्यावरही आलंच होतं की.’ तू यातलं ‘तुमच्या पिढीला निमित्तं लागतात’ तेवढं घेऊन बसलास. मला पहिलं वाक्य जास्त ऐकू आलं. मे २०२० मध्ये परराज्यांतल्या मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत एसटीनं नेऊन सोडलं. त्या साली राज्यभरातल्या एसटीच्या चालक-वाहकांना मुंबईत बेस्टच्या मदतीला पाठवलं गेलं. पगार लांबले. पुढे २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत संप. तुझे बाबा यातल्या कशाकशातून गेले मला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे का? त्यांचे किती सोबती त्या दोन वर्षांत गेले, परत येताना घरी काहीतरी घेऊन जाऊ म्हणून ते घाबरले होते का, स्वतःच्या आईला शेवटचं बघता आलं नाही त्याचं त्यांनी काय केलं? आजी ही त्यांची आई असेल तर (तू लिहिलेलं नाहीस) तुझा विषय काढताच ते का उखडले, याचा अर्थ वेगळा लागतो.

त्यांना पटवायला जाऊ नकोस. ‘मला डिप्रेशन आहे’ असं म्हणालास तर पुन्हा तेच ऐकशील. त्यापेक्षा विचार, ‘बाबा, त्या वेळी ड्युटीवर असताना तुम्ही जेवत कुठं होतात?’ इतकं साधं. शक्यतो गाडीत, नाहीतर शेतावर चालताना. समोरासमोर बसून असल्या गोष्टी बोलायची आपल्याकडे रीत नाही, पण रस्त्याकडे बघत माणूस पुष्कळ बोलतो. ते बोलले तर त्यानंतर तुझं सांग, आजाराचं नाव न घेता: ‘झोप लागत नाही, छातीत धडधडतं, डॉक्टरला दाखवतोय.’ धडधड आणि डॉक्टर त्यांना कळतात. उपचाराला त्यांची परवानगी लागत नाही, तू २३ वर्षांचा आहेस. फक्त त्यांच्यापासून चोरून करायचा ताण वाचेल.

ऑफिसात किती सांगायचं? एचआरला सगळं सांगायलाच हवं असं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तुला उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क दिला आहे. दुपारी दोन तास दवाखान्यासाठी हवे असतील तर ‘मेडिकल अपॉइंटमेंट’ एवढं पुरे. टीम लीड जरा बरा माणूस असेल तर त्याला मात्र एवढं सांगून ठेव की मला बोलायला वेळ लागतो, माझा नंबर आधी कळवत जा. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या पंगतीला बसवायला लावलं आहे, पण बहुतेक पॉलिसी भरती झाल्यावरच पैसे देतात. तुझ्या कंपनीच्या पॉलिसीत ओपीडीचा खर्च बसतो का ते बघून घे. काही कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशनाची काही सत्रंही फुकट असतात, आणि ती पोस्टरवर राहून जातात.

राहिला राजीनामा. आत्ता नको. गावी गेलास की पहिले पंधरा दिवस स्वर्ग वाटेल, मग मीटिंगच्या जागी कराडच्या बाजारात ओळखीचं कुणी भेटेल याची भीती वाटायला लागेल. वर ‘काय रे, नोकरी सोडलीस?’ याला रोज उत्तर द्यायचं. कायमचं घरून काम मागणं हीही त्याचीच पुणेरी आवृत्ती, तेही मागू नकोस. उपचार सुरू होऊन तीन महिने जाऊ देत, झोप ताळ्यावर येऊ दे, मग ठरव. तेव्हाही गावाकडेच जावंसं वाटलं तर खुशाल जा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त अपवाद एक: ऑफिसात कोणी मुद्दाम अपमान करत असेल, रात्री-अपरात्री राबवत असेल, तर तो तुझ्या मनाचा प्रश्न नाही, ती जागाच सोडण्यासारखी आहे. तसं असेल तर पुन्हा लिही, त्याचं उत्तर वेगळं देईन.

दिवाळीला घरी जाशीलच. त्याआधी रक्ततपासणी आणि डॉक्टरांची एक भेट उरकून जा.